लेकाच्या डोळ्याचं क्रॉस-लिंकिंग करायचंय, म्हणजे नेमकं कशाला काय जोडणार?

रातराणी_७

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय. लेक सतरा वर्षांचा, बारावीत. दीड वर्षात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तोही सिलिंड्रिकल, आणि आम्ही आपले मोबाइलला शिव्या घालत बसलो. शेवटी एकांनी टोपोग्राफी (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या आकाराचा नकाशा) करायला लावली आणि केराटोकोनस निघालं. म्हणजे बुबुळावरची काच, कॉर्निया, पातळ होऊन पुढे टोक काढतेय. डॉक्टर म्हणाले सी-थ्री-आर करू, कोलॅजेन क्रॉस-लिंकिंग, व्हिटॅमिनचे थेंब घालायचे आणि वरून यूव्ही लाइट, अर्ध्या दिवसात घरी. एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक. मी फॉर्म हातात घेऊन बाहेर.

घरी सासूबाई म्हणतात व्हिटॅमिनच द्यायचंय तर गोळी द्या की, डोळ्यात कशाला ओतता. मला हसू आलं पण उत्तर देता आलं नाही. कशाला काय जोडणार? आणि ते जोडलेलं असणं इतकं गरजेचं असेल तर मुळात का नव्हतं? नेटवर वाचलं तर ‘कोलॅजेन फायबर्स मजबूत होतात’ याच्या पुढे कुणी जात नाही. कुणाला सोप्या भाषेत सांगता येईल का?

चष्मेबहाद्दर

ताई, घाबरू नका, माझे दोन्ही डोळे झालेत, सात-आठ वर्षं झाली. प्रोसिजरच्या वेळी काही कळत नाही, नंतरचे तीन दिवस मात्र डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं, खोलीत अंधार करून पडायचं. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मला कुणी सांगितली नव्हती: याने नंबर जात नाही. आहे तिथे थांबतो. मी महिनाभर वाट बघत बसलो की आता दिसेल, मग दिसेल. लेन्स लागतेच. आणि डोळे चोळणं बंद म्हणजे बंद. जोडाजोडीचं सायन्स मला ठाऊक नाही, कुर्डई यांना हाक मारा, त्या बायोकेमवाल्या आहेत.

कुर्डई

हाक ऐकू आली :) कॉलेजात हेच शिकवते त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी डोळा बाजूला ठेवू. आपल्या शरीरात जेवढं प्रोटीन आहे त्यातलं जवळजवळ तीस टक्के एकटं कोलॅजेन आहे, आणि ते पेशींच्या आत नसून बाहेर असतं, पेशी ज्या जाळीत बसलेल्या असतात त्या जाळीत. कातडी, हाड, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे पट्टे), रक्तवाहिन्यांच्या भिंती, कॉर्निया, सगळीकडे. एक रेणू म्हणजे तीन पेड एकमेकांभोवती वळलेला दोर. हा तीन पेडांचा आराखडा आपल्याकडे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडला, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेच्या क्ष-किरण चित्रांवरून. (अवांतर: हे एवढं मोठं काम आपल्या देशात झालंय आणि दरवर्षी वर्गात विचारलं तर जेमतेम दोन हात वर येतात.)

हा दोर साधारण ३०० नॅनोमीटर लांब. शेजारीशेजारी असे असंख्य दोर पडतात, पण टोकाला टोक जुळवून नाही, प्रत्येक दोर शेजारच्यापेक्षा ६७ नॅनोमीटर सरकलेला. गवंडी विटा रचताना सांधा सांध्यावर येऊ देत नाही, तसंच. आता बघा, पेशीने इतकं करून दोर बाहेर सोडले, रचलेही, तरी ते नुसते एकमेकांना चिकटून पडलेले आहेत. ओढले तर सरकतील. ताकद येते ती त्यांच्यात टाके पडल्यावर. गोधडी डोळ्यासमोर आणा, जुन्या लुगड्यांचे थर कितीही चांगले असले तरी धावदोरा घातल्याशिवाय ती गोधडी नसते, कपड्यांचा ढीग असतो.

हे टाके घालणारं एन्झाइम म्हणजे लायसिल ऑक्सिडेज. ते पेशीच्या बाहेर काम करतं आणि त्याला तांबं लागतं. दोराच्या टोकाजवळ लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या शेपटाला अमिनो गट. एन्झाइम तो गट काढून तिथे आल्डिहाइड करून ठेवतं. एवढंच करतं हो ते, पुढचं काही नाही! आल्डिहाइड म्हणजे हावरट प्राणी, शेजारच्या दोरावरचं लायसिन किंवा हायड्रॉक्सिलायसिन समोर आलं की त्याला स्वतःहून पकडतं. आणि समोर नेमकं तेच येतं, कारण ती ६७ नॅनोमीटरची सरक. रचना चुकली तर टाका पडतच नाही. सुरुवातीला हा टाका दोन दोरांमधला आणि जरा कच्चा असतो, इतका की कोवळ्या उंदराच्या शेपटीतली कंडरा पातळ ॲसिटिक आम्लात टाकली तर बरीचशी विरघळते. मग महिने जातात, वर्षं जातात, आणि तोच टाका आणखी एका दोराला धरून तिहेरी होतो, पक्का. म्हाताऱ्या उंदराची कंडरा त्याच आम्लात ढिम्म राहते.

हायड्रॉक्सिलायसिन बनायला व्हिटॅमिन सी लागतं, दोराचा पीळ टिकायलाही लागतं, म्हणून स्कर्व्हीत हिरड्या सुटतात आणि भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. तुमच्या सासूबाई अगदीच चुकल्या नाहीत, फक्त व्हिटॅमिन वेगळं.

डोळ्याचं पुढच्या प्रतिसादात, लेक्चर आहे.

साधा_माणूस

कुर्डईताई दंडवत. मग बायको बाराशे रुपयांचा कोलॅजेन पावडरचा डबा आणते त्याने सुरकुत्यांत टाके पडतात का? (विचारतोय तिच्यासाठी. खरंच.)

कुर्डई

पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, डाळीच्या प्रोटीनचे होतात तसे. काही छोटे तुकडे रक्तात जातात हे खरं, पण तयार दोर उचलून कुणी गालात नेऊन रचत नाही. रचायचं आणि टाके घालायचं काम तुमच्या तिथल्या पेशींनाच करावं लागतं. कातडी सुधारल्याचे काही रिपोर्ट आहेत, त्यातले बरेचसे पावडर विकणाऱ्यांच्या पैशांवर झालेले. यापुढे नवरा-बायकोच्या भांडणात मी पडणार नाही.

आता डोळा. कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड, त्यात कोलॅजेनचे दोनशेच्या वर थर, प्रत्येक थरातले धागे समांतर आणि पुढच्या थरातले आडवे-तिरपे. म्हणून ती पारदर्शकही आहे आणि आतल्या दाबाला तोंडही देते. केराटोकोनसमध्ये ही वीण सैल पडते, थर सरकतात आणि आतून दाब असतोच, मग जिथे सैल तिथे फुगवटा. मुळात का नव्हतं, या तुमच्या प्रश्नाला एक उत्तर नाही. घराण्यात असतं, ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्यांत जास्त दिसतं, आणि काही रुग्णांच्या कॉर्नियात लायसिल ऑक्सिडेजचंच काम कमी असल्याचं आढळलंय.

तर डॉक्टर करतात काय, की शरीराचा शिंपी येत नाहीये ना, मग आपण मशीनने टाके मारू. वरची पातळ साल काढतात, कारण तिच्यातून थेंब आत मुरत नाहीत. मग ०.१ टक्का रायबोफ्लेविन, म्हणजे व्हिटॅमिन बी-टू, अर्धा तास थेंबाथेंबाने मुरवतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, तोच हा पिवळा. इथे त्याचा पोषणाशी काडीचा संबंध नाही. तो प्रकाश शोषतो म्हणून घेतलाय. वरून ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही-ए टाकला की रायबोफ्लेविन ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो, ऑक्सिजन खवळतो आणि आसपासच्या प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांवर तुटून पडतो, त्यातून धाग्याधाग्यांत आणि त्यांच्या मधल्या प्रोटीन-साखरेच्या गराशी नवे बंध तयार होतात. मूळ पद्धतीत अर्धा तास, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट. रायबोफ्लेविनचं दुसरं काम म्हणजे छत्री. बहुतेक यूव्ही तोच वरच्या भागात गिळतो, त्यामुळे कॉर्नियाच्या आतल्या अंगाच्या पेशी वाचतात, त्या एकदा मेल्या की परत होत नाहीत. म्हणूनच कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड आहे ना हे आधी मोजतात. पातळ असेल तर वेगळ्या युक्त्या आहेत, ते डॉक्टरांनाच विचारा.

हे जर्मनीत ड्रेस्डेनला झालं, वोलेनझाक, श्पोर्ल आणि झायलर यांनी २००३ मध्ये पहिल्या रुग्णांचे निकाल छापले. अमेरिकेत मान्यता यायला २०१६ उजाडलं, आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून करतात.

सासूबाईंना सांगा, गोळीतलं बी-टू डोळ्यात एवढं साचत नाही, आणि साचलं तरी दिवा कोण लावणार.

रातराणी_७

कुर्डई, काय बोलू. गोधडी वाचून सासूबाईंचं लगेच समाधान झालं, त्या स्वतः शिवायच्या. म्हणाल्या, टाके फार दाट घातले तरी गोधडी कडक होते, अंगाला बसत नाही, हे विचार तुझ्या बाईंना.

कुर्डई

सासूबाईंना माझ्या वर्गावर पाठवा. अगदी हाच मुद्दा आहे आणि तो मला नीट मांडायचाय, पण आत्ता स्वैपाक.

लाखोळीची_डाळ

मी भंडाऱ्याचा. तुमच्या धाग्यात उडी मारतो कारण लायसिल ऑक्सिडेज वाचलं आणि लाख आठवली, म्हणजे आमची लाखोळीची डाळ. आमच्याकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकून देतात, ना नांगर ना पाणी, तरी पीक येतं. लहानपणापासून लाखेची डाळ खाल्ली, वडे खाल्ले. १९६१ मध्ये देशात बहुतेक ठिकाणी विक्रीवर बंदी आली, आपल्या राज्याने २००८ मध्ये उठवली. बंदी का तर म्हणे लॅथिरिझम, पाय लुळे पडतात. आणि एका पुस्तकात वाचलं की लॅथिरिझममध्ये हे टाके घालणारं एन्झाइमच बंद पडतं. मग आमचे आजे-पणजे कसे काय धडधाकट? का बंदीच चुकीची होती?

कुर्डई

फार बरं केलंत विचारून, कारण हा घोळ पुस्तकांतही आहे. लॅथिरिझम नावाची दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचं आडनाव एक.

तुमची लाख म्हणजे लॅथिरस सटायव्हस. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं, ते मज्जातंतूंवर जातं. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काहीच नसताना जवळजवळ फक्त लाखच खाल्ली की पाय ताठरतात, माणूस काठी टेकत चवड्यांवर चालायला लागतो. तो न्यूरोलॅथिरिझम. त्याचा कोलॅजेनशी संबंध नाही. चार घास डाळ, भात-भाजीसोबत, ही गोष्ट वेगळी, त्यामुळे तुमचे पणजोबा धडधाकट असणं यात विसंगती काही नाही. भिजवून पाणी फेकून शिजवली की ओडॅप बरंचसं निघूनही जातं.

दुसरी चुलत बहीण लॅथिरस ओडोरॅटस, स्वीट पी, बागेत लावतात ती सुवासिक फुलं. १९३३ मध्ये अमेरिकेत उंदरांना तिच्या बिया खाऊ घातल्या तर उंदरांची हाडं वाकली, पाठीला बाक आला. पुढे टर्कींना तेच विष दिल्यावर महाधमनी फुटून पक्षी मेले. त्या बियांमधून १९५४ च्या सुमारास बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल हे विष ओळखलं, सोयीसाठी बापन म्हणू. त्या उंदरांत कोलॅजेन भरपूर होतं! बनत होतं, बाहेर येत होतं, रचलं जात होतं, फक्त टाके नव्हते, साध्या मिठाच्या पाण्यात विरघळून यायचं. बापन लायसिल ऑक्सिडेजला जाऊन कायमचं बसतं. खरं तर हे एन्झाइम आहे हेच लोकांना उशिरा कळलं, १९६८ मध्ये पिनेल आणि मार्टिन यांनी दाखवलं. आधी विष सापडलं, मग त्या विषाने काय बंद पडतं ते शोधत गेले.

यातली धमनीची गोष्ट मला नेहमी थांबवते. महाधमनीच्या भिंतीत कोलॅजेनबरोबर इलॅस्टिन असतं, रबरासारखं. तिथे हेच एन्झाइम चार लायसिन एकत्र आणून एक कडं बनवतं, डेस्मोसिन. चारही बाजूंनी धरलेलं, म्हणून ताणलं की परत येतं. आणि हे इलॅस्टिन बहुतेक सगळं गर्भात आणि लहानपणीच तयार होतं. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं दर ठोक्याला तेच ताणायचं. नवा माल जवळजवळ येतच नाही.

तांब्याचा_लोटा

तांबं लागतं म्हणताय तर रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितो ते बरोबरच करतोय म्हणजे. आयडीवर जाऊ नका.

कुर्डई

प्या, पण यासाठी नको. साध्या जेवणात पुरेसं तांबं असतं, तीळ, शेंगदाणे, डाळी. खरी अडचण येते ती तांबं आतड्यातून पुढे न जाण्याच्या जन्मजात आजारात, मेंकेस म्हणतात, मुलग्यांना होतो, केस तारेच्या काथ्यासारखे आणि रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या. लोट्याने तो बरा होत नाही.

वहाणवाला

आमच्या घरी तीन पिढ्या चामड्याचं काम. कोल्हापुरीचं. २०१९ ला जीआय मिळालं तेव्हा पेढे वाटले होते, नंतर भाव होता तोच राहिला ते सोडा. तुमचं वाचून वाटलं की आम्ही पण हेच करतो की. कच्चं कातडं म्हणजे कोलॅजेनच ना? चुन्यात टाकून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात आठवडे ठेवायचं. न कमावलेलं कातडं गरम पाण्यात आखडतं, पार गोळा होतं, कमावलेलं तग धरतं. क्रोमवाले तेच काम एका दिवसात उरकतात आणि त्यांचं कातडं उकळत्या पाण्यात टाकलं तरी काही होत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय.

कुर्डई

वा! आखडण्याची परीक्षा हीच प्रयोगशाळेतली परीक्षा आहे. कच्चं कातडं साधारण ६०-६५ अंशाला आखडतं, साल-हिरड्याचं ७० ते ८५ च्या घरात, क्रोमचं १०० च्या वर. फरक टाक्याच्या जातीचा. सालीतले टॅनिन हे मोठे रेणू, ते दोरांमध्ये घुसून बसतात आणि बारीकबारीक हायड्रोजन बंधांनी अनेक ठिकाणी धरतात. एकेक बंध नाजूक, पण संख्या प्रचंड. क्रोमियम थेट कोलॅजेनच्या आम्ल गटांना आकडा घालतं. लायसिनशी खरा पक्का सहसंयुज टाका हवा तर आल्डिहाइड वापरावा लागतो, आणि तो वापरतात कुठे माहितीये? हृदयाच्या झडपेत. डुकराची झडप किंवा बैलाच्या हृदयावरचं आवरण ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवतात, फ्रान्समध्ये कार्पेंतिए यांनी साठच्या दशकाच्या शेवटी ही रीत आणली. म्हणजे टिश्यू व्हाल्व्ह हे एक प्रकारे कमावलेलं कातडंच.

वहाणवाला

हे आमच्या आबांना सांगतो. त्यांना गेल्या वर्षी तसलाच व्हाल्व्ह बसवलाय. स्वतःच्या छातीत कातडं कमावून ठेवलंय म्हटल्यावर खूश होतील.

तिखट_जाळ

इतक्या वेळ गप्प बसलो होतो. गावरान कोंबडा किंवा जून बोकड चार शिट्ट्यांत का शिजत नाही याचं उत्तर मिळालं म्हणायचं? कच्ची पपई लावतो मी, ती हे टाके उसवते का?

कुर्डई

पहिल्याचं उत्तर हो. कोवळ्या मटणातले कच्चे टाके उष्णतेने सुटतात आणि कोलॅजेनचं जिलेटिन होतं. पायाचं सूप फ्रिजमध्ये थरथरतं ते त्यामुळेच. जून जनावरात टाके तिहेरी पक्के झालेले, ते उकळूनही सुटत नाहीत, मग तासभर मंद आचेवर दोरच तुटेपर्यंत थांबायचं. पपई टाके उसवत नाही, ती कात्री आहे, प्रोटीनची साखळीच मध्ये कापते. म्हणून जास्त वेळ लावली की मटणाचा लगदा होतो.

तिखट_जाळ

झालाय. पाहुण्यांसमोर.

शुगरफ्री_पेढा

माझी शुगर बारा वर्षं जुनी. गेल्या वर्षी खांदा धरला, फ्रोझन शोल्डर. फिजिओ म्हणाली शुगरवाल्यांत जास्तच होतो. हे टाक्यांचंच प्रकरण का? सासूबाईंच्या दाट गोधडीवर कुर्डई लिहिणार होत्या ते राहिलंच.

कुर्डई

राहिलं नाही, तुमचीच वाट बघत होते.

लायसिल ऑक्सिडेज टाके मोजून, ठरलेल्या जागी घालतं. साखर तसं करत नाही. रक्तातलं ग्लुकोज कुठल्याही एन्झाइमशिवाय प्रोटीनच्या लायसिनला चिकटतं. एचबीएवनसी मोजता ना दर तीन महिन्यांनी, ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पण लाल पेशी १२० दिवसांत मोडीत निघते, तिच्याबरोबर पापही जातं. कोलॅजेन मात्र जुनं ते तसंच राहतं. कातडीतलं कोलॅजेन निम्मं बदलायला अंदाजे १५ वर्षं, सांध्याच्या कूर्चेतलं शंभराहून जास्त. म्हणजे गुडघ्यात जे आहे ते जन्मभराचं. चिकटलेली साखर वर्षानुवर्षं रूप बदलत जाते आणि शेवटी एक लायसिन आणि शेजारच्या दोरावरचं आर्जिनिन यांना बांधून टाकते. अशा बंधांपैकी सर्वांत जास्त सापडणाऱ्याचं नाव ग्लुकोसेपेन. हे टाके कुठेही पडतात, मध्येच, आडवेतिडवे, आणि उसवायला शरीराकडे काही नाही. औषधही बाजारात नाही, जाहिरातींना भुलू नका. धमन्या ताठ होतात, कातडी जाडसर होते. जुन्या डायबेटिसमध्ये काही लोकांना नमस्कार करताना दोन्ही तळवे पूर्ण टेकवता येत नाहीत, बोटांमध्ये फट राहते, डॉक्टर मुद्दाम नमस्कार करायला लावून बघतात. फ्रोझन शोल्डरमध्ये सूज, व्रण वगैरे इतर गोष्टीही आहेत, सगळं साखरेवर ढकलणार नाही, पण हात त्यात आहे असं मानतात.

आणि आता गंमत. डायबेटिस असलेल्यांमध्ये केराटोकोनस कमी दिसतो असं निरीक्षण बऱ्याच ठिकाणी आहे, कारण साखरेने कॉर्निया आधीच ताठ केलेला असतो असा अंदाज. वयाचंही तसंच, पस्तिशी-चाळिशीनंतर केराटोकोनस बहुधा आपोआप मंदावतो. म्हणजे रातराणीताई, तुमच्या लेकाच्या डोळ्याला अर्ध्या तासात जे देणार आहेत ते थोड्याफार फरकाने म्हातारपण आहे. फक्त मोजून आणि हव्या तेवढ्याच खोलीवर.

शुगरफ्री_पेढा

आत्ता नमस्कार करून बघितला. करंगळीला फट आहे. असो.

साधा_माणूस

मी पण केला. जुळतात. बायकोने विचारलं कुणाला हात जोडताय.

रातराणी_७

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी. मागच्या गुरुवारी उजवा डोळा झाला. जाडी ४४० भरली, त्यामुळे नेहमीच्याच पद्धतीने केलं. चष्मेबहाद्दर म्हणाले तसंच, दोन रात्री वाईट गेल्या, वरून बँडेज लेन्स होती ती पाचव्या दिवशी काढली. आता पांढुरकं धुकं आहे थोडं, ते काही महिन्यांत कमी होतं म्हणाले. सहा महिन्यांनी परत टोपोग्राफी, डावा त्यानंतर ठरवू.

यावेळी डॉक्टरांना मी विचारलं की यूव्ही आत पोचू नये म्हणून रायबोफ्लेविन किती वेळ मुरवता. ते थांबले, खुर्ची ओढून बसले आणि चक्क दहा मिनिटं बोलले. सासूबाई झोपताना लेकाच्या दोन्ही हातांना मोजे घालतात, झोपेत चोळू नये म्हणून. तो वैतागलाय.

चष्मेबहाद्दर

मोज्यांची आयडिया भारी आहे. मला आई रात्री येऊन हातावर चापटी मारायची.